कळी पडायच्या आधी

बस सुटेपर्यंत कळी पडली नव्हती.

आदल्या दिवशी सकाळी बाबांनी देवळात माझ्यासाठी कौल लावला होता. पेडण्यातल्या माणसांना हे समजावून सांगायला नको, पण घाटावरच्या मैत्रिणींना दर वेळी सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते. पिटकुळीच्या फुलाची तांबडी कळी पाण्यात भिजवायची, देवाच्या काळ्या पाषाणाला चिकटवायची, आपला प्रश्न त्याच्यापुढे मांडायचा आणि वाट बघत बसायचं. कळी उजवीकडून पडली तर देवाची संमती, डावीकडून पडली तर नकार. लग्न जुळवायचं, विहीर खणायची, भावाभावांत घर वाटायचं, म्हैस विकायची, आमच्या गावात सगळं या एवढ्याशा कळीवर ठरतं. बाबांचा प्रश्न होता, चेडवाला, म्हणजे मला, पौरोहित्य शिकायला घाटावर पाठवू की नको. कळी दुपारच्या नैवेद्याला होती तिथेच, तिन्हीसांजेच्या दिव्यालाही तिथेच. शेवटी बाबांनी देवळाचं दार ओढून घेतलं आणि घरी येऊन थेट जेवायला बसले.

पेडण्याच्या बसस्टँडवर ते मला सोडायला आले खरे, पण स्कूटरवरून उतरले नाहीत. आई माझ्या पिशवीत सोलं, काजू आणि पाववाल्या पोदेराचे सकाळचे उंडे कोंबत होती. सांगलीची बस लागली तसे बाबा एवढंच म्हणाले, "देवान अजून कायं सांगूंक ना."

मी म्हटलं, "ना म्हणूनय सांगूंक ना, बाबा."

ते बसच्या चाकाकडे बघत राहिले. आईने पिशवीची गाठ मारली आणि माझ्याकडे न बघताच बोलली, "माज्या लग्नाचो कौल उजवो पडलो. माका मातर कोणें विचारूंक ना." आई मये गावची. लग्न होऊन तळ्याकाठचं घर सोडून ती पेडण्यात आली, तेव्हा तिला गावाची वाटसुद्धा ठाऊक नव्हती. मी चढले. बस वळली तेव्हा बाबा अजून तसेच होते, स्कूटर चालू ठेवून.

तुमच्यातले जे गावात राहिलात त्यांना वाटत असेल, ही एवढी हटून का गेली. जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना तेवढं विचारावंसं वाटणार नाही. तरी सांगते. आमच्याकडे रवळनाथाची पूजा पिढीजात. बाबा मंत्र म्हणायचे आणि मी पायरीवर बसून फुलं ओवायची. ऐकून ऐकून निम्मंअर्धं मला तोंडपाठ होतं, अर्थाच्या नावाने मात्र शून्य. मी अर्थ विचारला की बाबा म्हणायचे, आधी पाठ होऊ दे, अर्थ मागाहून येतो. पाठ करून घ्यायचे ते चुलतभावाकडून. त्याला अर्थामध्ये रस नव्हता आणि मला तो होता, तेवढाच काय तो फरक. पुढे मी बी.कॉम. झाले, मोप्याला विमानतळावर घोषणा करायच्या नोकरीला लागले. कोणतं विमान कुठल्या दारातून सुटेल ते मी साऱ्या जगाला सांगायची आणि संध्याकाळी बसने घरी यायची. घाटावर एका ठिकाणी बायकांना ठेवून घेऊन पौरोहित्य शिकवतात हे कळलं त्या आठवड्यातच मी राजीनामा दिला. शेजारची काकी सगळ्यांना सांगत सुटली, "लोक विमानात बसूंक मोप्याक येतत, आनी आमचां चेडू मोपां सोडून बशीन घाटार चल्लां." यावर मलाही हसू आलं.

पाठशाळा कृष्णाकाठी होती, उसाच्या शेतांतून आत गेलं की. पहिल्यांदा जाणवली ती हवा. आंबोली चढेपर्यंत अंगाला चिकटलेली असते ती आपली हवा, आणि इथे वाळत घातलेली साडी बघता बघता कडकडीत. मी दिवसभर नुसती हाताला हात लावून बघत होते, घाम का येत नाही म्हणून. नदीही आपल्यासारखी नव्हती. आमच्या तेरेखोलला भरती येते, ओहोटी येते, ती दिवसातून दिशा बदलते. ही एकाच बाजूला जायची. संध्याकाळी नदीच्या पायऱ्यांवर बसून मी पाणी उलटं फिरण्याची वाट बघत होते हे सुमनताईंना सांगितलं, तेव्हा त्या पोट धरून हसल्या.

सुमनताई म्हणजे खोलीतली माझी जोडीदारीण. इचलकरंजीच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, सुना-नातवंडं असलेल्या. त्यांनी आल्या आल्या मला विचारलं की गोव्याची आहेस तर मासे खातेस का. मी खाते म्हणाले. मग पितेस का, असं जरा खालच्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, पेज पिते. तिथे पेजही नव्हती. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी भाकरी, आणि कशातही शेंगदाण्याचं कूट. आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट. पोदेराच्या सायकलचा भोंगा कुठून ऐकू येणार, तरी पहाटे मी डोळे मिटून त्याची वाट बघायची. आईने दिलेले उंडे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी चहात बुडवून खाल्ले आणि हा पाव असा चिवट का, यावर बराच वेळ चर्चा केली. मी कदेल मागितलं तर कोणाला कळेना, मग खुर्ची म्हणाले. अशा छोट्या छोट्या गोष्टींनी जीव मेटाकुटीला यावा, पण माझं उलटं झालं. मला सगळ्याची गंमतच वाटत होती. इतके दिवस मी दुसऱ्यांना परगावी पाठवत होते, आता ते लोक विमानातून उतरल्यावर काय काय बघत असतील हे मला कळत होतं.

शिकवायची पद्धत मात्र बाबांचीच होती. गुरुजींनी एकदा म्हणायचं, आम्ही दोनदा म्हणायचं. याला संथा म्हणतात. गुरुजी वयस्कर, उंच, आणि कानाचे भारी तिखट. वीस बायका एकत्र म्हणत असताना कोणाची मात्रा सैल पडली ते त्यांना कळायचं. पहिल्या दिवशी माझी पाळी आली तशी मी छाती भरून, शब्द शब्द सुटा करून म्हटलं. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही आधी काय करत होता?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तरीच. मला वाटलं, आता कोणत्या दारातून आत जायचं तेही सांगाल."

वर्ग हसला, मीही हसले. पण पुढे कितीतरी महिने मंत्र संपला की माझा आवाज आपोआप वर जायचा, विमान सुटायच्या आधी जातो तसा.

आणखी एक पद्धत होती आणि ती कळली तेव्हा माझं हसू मावळलं. पाठशाळेत पहिला आठवडा नुसता राहून बघायचा. आठवडा सरला की गुरुजी प्रत्येकीच्या बोटात दर्भाचं पवित्रक घालणार आणि ती अध्ययनाचा संकल्प सोडणार. त्याआधी ते एकच प्रश्न विचारायचे, घरून आशीर्वाद आहे ना. कोणाचं पत्र नको, सही नको. नुसतं हो म्हणायचं. पण देवासमोर उभं राहून. सुमनताई म्हणाल्या, अगं म्हणून टाक, कोण बघायला येतंय. त्यांचे यजमान पहिल्या दिवसापासून रागावलेले होते आणि त्या बिनदिक्कत हो म्हणणार होत्या. मला ते जमेना. माझ्या डोळ्यांपुढे ती कळी यायची. नकार असता तर मी भांडले असते, हट्टाने हो म्हटलं असतं. पण बाबांनी नाहीही म्हटलं नव्हतं. रोज आईचा फोन यायचा. मागे बाबांच्या खोकल्याचा आवाज यायचा. मी विचारलं की आई म्हणायची, बरे आहेत. फोनवर ते काही आले नाहीत.

पवित्रकाचा दिवस दोन-तीन दिवसांवर आला होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळची आरती झाली, आणि गुरुजी रोजच्यासारखे हात जोडून मराठीत प्रार्थना म्हणू लागले. साधीच असायची ती. सगळ्यांना निरोगी ठेव म्हणायचे आणि थांबायचे. शेतकऱ्यांच्या पिकाला यश दे म्हणायचे आणि थांबायचे. एरवी मी मागे असायची, ओठांतल्या ओठांत पुटपुटायची; त्या दिवशी आरतीचं ताट माझ्या हातात होतं आणि मी अगदी पुढे. कापराचा वास, घंटा नुकतीच थांबलेली, डोळे मिटलेले. गुरुजी म्हणाले, "जे घरापासून लांब आले आहेत त्यांची काळजी घे," आणि थांबले.

मी खणखणीत आवाजात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

भिंतींवरून आवाज परत आला. मी डोळे उघडले तर वीस बायका माझ्याकडे बघत होत्या. सुमनताईंनी पदर तोंडाला लावला होता.

आमच्याकडच्यांना यात चूक ती काय, असंच वाटेल. देवाला गाऱ्हाणं घालताना पुढचा माणूस एकेक मागणं मांडतो, थांबतो, आणि जमलेल्या सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. रांगायला लागल्यापासून कानावर पडलेलं ते. एखाद्याने देवापुढे हात जोडून वाक्य सोडलं आणि थांबला, की माझ्या तोंडून दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं.

गुरुजी हसले नाहीत. प्रार्थना पुरी केली आणि मला बसवून घेऊन हे काय ते नीट विचारलं. मी सांगत गेले. की आमच्या देवाची पूजा संस्कृतात होते, पण मागायचं, रुसायचं, जाब विचारायचा तो आपल्या बोलीत. कोणाचं दुखणं, कोणाची हरवलेली गाय, सगळं नावानिशी सांगायचं. देव घरातल्या मोठ्या माणसासारखा समोर असतो. गुरुजींचे डोळे चमकायला लागले. इतक्या वर्षांत त्यांच्या शाळेत हे कोणी आणलं नव्हतं. ते म्हणाले, म्हणून दाखवा बरं एक पूर्ण गाऱ्हाणं.

मी तोंड उघडलं आणि तशीच राहिले. मला येत नव्हतं. जन्मभर ऐकलेलं, पण मी फक्त उत्तर दिलं होतं. बायका मागच्या खांबांपाशी उभ्या राहून व्हय म्हाराजा म्हणायच्या. पुढचं म्हणणारे बाबा किंवा गावकरी. हे मला आधी कधी खटकलंच नव्हतं.

"मग वडिलांना विचारा," गुरुजी सहज म्हणाले. "आता लावा फोन. आम्हालाही ऐकू दे."

त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. मी फोन लावला. आईने उचलला. मी म्हटलं, बाबांना दे. पलीकडे कुजबुज झाली, बाकडं सरकल्याचा आवाज आला. मग बाबा आले. पेडणं सोडल्यापासून पहिल्यांदाच. मी भरभर सगळं सांगून टाकलं, माझ्या ओरडण्यासकट. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"फोनार गाऱ्हाणां घालतंत खंय?" ते म्हणाले. "देव खंय आसा थंय?"

मी म्हटलं, गणपती आहे.

"फोन तेच्या म्होऱ्यांत दवर. आनी लोकांक सांग, मदी गप रवूंक जायना."

मी फोन गणपतीच्या पुढ्यात समईशेजारी ठेवला, आवाज मोठा केला, सगळ्यांना कधी काय म्हणायचं ते सांगितलं. सुमनताई सगळ्यांत पुढे येऊन बसल्या. बाबांनी घसा साफ केला. ते घरच्या ओसरीवर उभे राहिले असणार, कारण त्यांच्या मागून आमच्या कुत्र्याचं भुंकणं येत होतं.

"बा देवा रवळनाथा, गणपती म्हाराजा! आज ह्या येळार तुजी लेकरां तुज्या पायांकडे जमलीं आसत, तेंची सेवा मानून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इचलकरंजी, सातारा, सोलापूर, सगळ्या बायका एका दमात. पहिल्या वेळी जरा लाजत, पुढे मोकळ्या गळ्याने. बाबा मागत गेले. शिकवणाऱ्याला आयुष्य दे. शिकणाऱ्यांची जीभ सरळ ठेव. कोणाच्या घरचं दुखणं असेल, कोणाच्या घरचा राग असेल, तो दूर कर. इथे सुमनताईंचा व्हय म्हाराजा इतरांपेक्षा मोठा आला. गुरुजीही म्हणत होते, हात जोडून, एखाद्या गावकऱ्यासारखे. मी फोनकडे बघत होते. मला वाटलं, आता संपवतील. बाबा थांबले. मग त्यांचा आवाज जरा खाली आला.

"आमचां चेडू घाट चडून तुज्याकडे आयलां, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या बापाशीन व्हय म्हणूंक उशीर केलो. तो दोष बापाशीच्या माथ्यार घाल, चेडवार घालूं नको, रे म्हाराजा."

सगळ्यांनी उत्तर दिलं. मला ते देता आलं नाही. मी समईची वात सारखी करत बसले.

"जां ताणें मागलां, तां ताका दी. आनी आमची याद ताका आसूं दी, रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा. हे मात्र मी म्हटलं. सगळ्यांच्या मागून, एकटीनेच.

पलीकडे कुत्रं पुन्हा भुंकलं. मग बाबा म्हणाले, "जालां. दवरतां आतां," आणि फोन बंद झाला. कोणीतरी उठून समईत तेल घातलं. सुमनताई कोपऱ्यात जाऊन यजमानांना फोन लावत होत्या.

पवित्रकाच्या दिवशी गुरुजींनी ओळीने सगळ्यांना प्रश्न विचारला. माझ्यापाशी आले आणि न विचारताच बोटात दर्भ घातला. "तुमचं उत्तर आम्ही सगळ्यांनी दिलंय," म्हणाले.

कळीचं पुढे काय झालं ते सुट्टीत गेले तेव्हा कळलं. मी निघाले त्याच सकाळी बाबा बसस्टँडवरून थेट देवळात गेले होते. दार उघडलं तर कळी खाली. कुठल्या बाजूला पडली होती असं मी विचारलं. बाबा म्हणाले, बघायच्या आधीच निर्माल्यात केरसुणीने लोटली, बाजू कशी कळणार. खरं खोटं त्यांचं त्यांना आणि देवाला ठाऊक. आई मात्र चुलीपुढे बसून गालातल्या गालात हसत होती.

आता मी कृष्णाकाठीच राहते. शिकून झालं, आणि कामाला वाण नाही. वास्तू, बारसं, लग्न, कोणाचं श्राद्धसुद्धा. लोक मला गोव्याच्या गुरुजी म्हणतात. आमटीत कूट नसलं तर आता मलाच चुकल्यासारखं वाटतं, आणि पेडण्यात उतरल्यावर पहिला दिवस घामाने जीव जातो. गावच्या देवळात पूजा चुलतभाऊ करतो. मला गाभाऱ्यात कोणी बोलावलेलं नाही, बोलावतील असंही दिसत नाही. याचं वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू. मी अजून मागच्या खांबापाशीच उभी असते, आईशेजारी.

पण घरची एक रीत पडून गेली आहे. मी परत निघाले की बाबा अंगणात तुळशीपुढे उभे राहून माझ्यासाठी गाऱ्हाणं घालतात, मी आणि आई व्हय म्हाराजा म्हणतो, आणि मगच पिशवी उचलायची. यंदा जत्रा करून निघाले तेव्हा बाबांचा खोकला फार वाढला होता. ते तुळशीपुढे आले, हात जोडले, बा देवा म्हणाले आणि ढास लागली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि बाजूला सरले. आईच्याही मागे जाऊन उभे राहिले, ओसरीच्या खांबापाशी, आणि मला म्हणाले, "तू घाल."

मी पुढे झाले. माझ्यासाठी काय मागायचं ते सुचेना. जाणारी मी, आणि मागे राहणारे ते दोघं. मग मी त्यांच्यासाठी मागायला लागले, पेडण्याच्या बोलीत, विमानतळाचा आवाज न लावता.

"बा देवा रवळनाथा, हीं दोगां मागे रवतत. तेंची राखण कर, रे म्हाराजा."

मी थांबले. आईचा आवाज आला. त्याच्या मागून, जरा उशिरा, खोकल्यातून वाट काढत बाबांचा.

"व्हय म्हाराजा."